म्हणे निवारे रिकामे पडलेत!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'फूटपाथ, बागा, स्टेशनं बेघरांपासून मोकळी करा. निवारे रिकामे पडलेत, यांनाच जायचं नसतं. दंड ठोका. आधी व्यसन सोडू देत, मग घराचं बघू. फुकट घरं कशाला?'

रिकाम्या खाटांचा मुद्दा पटकन पटतो. खाटा रिकाम्या असतातही. पण बऱ्याच निवाऱ्यांच्या दारावरचे नियम वाचा: अंधार पडायच्या आत हजर, उजाडताच बाहेर, नवरा-बायको वेगळे, सामान एकच पिशवी, कुत्रं चालणार नाही. रात्रपाळीवाल्यानं काय करायचं? बाकीचा संसार बाहेर ठेवला तर सकाळी सापडेल का? त्यापेक्षा दिव्याखालची, वर्दळीची जागा बरी, तिथं मारहाणीची भीती कमी. याला हट्ट म्हणत नाहीत.

आता दंड. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या छोट्या शहरात उघड्यावर झोपल्याचा दंड २९५ डॉलरपासून सुरू व्हायचा. असे दंड घटनेविरुद्ध नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये दिला, बरोबर. त्यानं कुणाला घर मिळतं, असं मात्र न्यायालय म्हणालेलं नाही. भाडं भरता येत नाही म्हणून रस्त्यावर आलेला माणूस दंड कुठून भरणार?

हटवायला गाडी येते तेव्हा पांघरुणाच्या घडीतली पिशवीही जाते. तिच्यात ओळखपत्र असतं, औषधाची चिठ्ठी असते. ओळखपत्र गेलं की घराचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

राहिलं व्यसन. कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर बेघरांसोबत प्रयोग केला. काहींना कोणतीही अट न घालता आधी घर आणि सोबत मदत, बाकीच्यांना नेहमीच्या सोयी. व्यसनाच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, हे मान्य. पण आधी घर मिळालेले कितीतरी जास्त लोक घरात टिकले. शहराचा प्रश्न फूटपाथचाच होता ना?

आणि 'फुकट' म्हणाल तर फिनलंडनं २००८ पासून हाच 'आधी घर'चा मार्ग धरला. तिथं भाडेकरार होतो, भाडं द्यावं लागतं, कमी पडलं तर सरकारी भत्ता. बेघरांची संख्या वर्षानुवर्षं घटत गेली. २०२४ साली ती पुन्हा वाढली, हे मेसेजवाले लगेच सांगतील. वाढली खरी. त्याच वर्षी सरकारनं तो भत्ता कापला होता.