अंक काही काळ थांबतोय

पुढच्या महिन्यापासून आपला कॉम्प्युटर टिप्सचा अंक येणार नाही. या महिन्याचा अंक ठरल्याप्रमाणे मिळेल, त्याच्या पहिल्याच पानावर ही सूचना असेल, आणि त्यानंतर मी आणि माझ्याबरोबर हे काम विनामोबदला करणारी सगळी मंडळी थांबतोय. परत कधी सुरू करणार याची तारीख देत नाहीये. ती मुद्दामच देत नाहीये, त्याबद्दल पुढे लिहिते.

हे कळल्यावर जवळच्या लोकांनी आधी एकच विचारलं, कुणाशी काही बिनसलं का? अजिबात नाही. चित्रं काढणारी, मजकूर तपासणारी, अंकाची मांडणी करणारी माणसं अजूनही एकमेकांना हक्काने फोन करतात. लिहायला विषय नाहीत असंही नाही, विषयांची वही भरलेली आहे. दमायला होतं ते वेगळ्याच कामाने. ते काम वाचकाला दिसत नाही, म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

एक साधी टीप घ्या. कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला तर शट डाउन करून परत चालू करण्याऐवजी रीस्टार्ट करा. एका ओळीत संपते. पण त्यामागचं कारण असं की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. आपण शट डाउन केलं की विंडोज स्वतःच्या गाभ्याची आणि ड्रायव्हर्सची (प्रिंटर, पडदा असे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलून कामाला लागतं. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं, आणि त्यामुळेच अडकलेला ड्रायव्हर शट डाउननंतरही अडकलेलाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून उभं राहतं. हे समजलेला माणूस पुढच्या दहा अडचणी स्वतः सोडवतो. पण छापण्याआधी आम्हाला पाहावं लागतं की ज्या मशीनवर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची सोय) बंद आहे तिथे ही सोय दिसते का (दिसत नाही), ती बंद-चालू करण्याचा पर्याय आजच्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमध्येच आहे की सेटिंग्जमध्ये हलवलाय, ज्याच्याकडे अॅडमिनचे अधिकार नाहीत त्याला पडद्यावर काय दिसेल, आणि केलेला बदल मागे घ्यायचा तर कसा घ्यायचा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मागे यायची वाट न सांगता दिलेली टीप मी कधीच छापू दिली नाही आणि पुढेही देणार नाही.

हे झालं नव्या टिपेचं. खरी दमछाक जुन्या टिपा करतात.

टीप छापून झाली की काम संपलं असं लोकांना वाटतं. ती टीप मात्र त्यानंतर कित्येक वर्षं फिरत राहते. कुणीतरी पान कापून भावाला पाठवतं, कुणीतरी ऑफिसातल्या भिंतीवर लावतं. दरम्यान खाली जमीन बदललेली असते. हार्ड डिस्क डीफ्रॅग करा, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणा, हा सल्ला फिरत्या तबकड्यांच्या काळात अगदी योग्य होता. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, त्याचा उपयोग नाही, उलट विनाकारण लिखाण होऊन तिचं आयुष्य झिजतं. आता विंडोज डिस्कचा प्रकार ओळखून एसएसडीसाठी ट्रिम नावाचं वेगळं काम आपणहून करतं. तरी अजूनही लोक विचारतात, डीफ्रॅग करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? त्यांना तो सल्ला आमच्यासारख्याच कुणीतरी एकेकाळी प्रामाणिकपणे दिलेला असतो.

पासवर्डचं उदाहरण तर याहून मोठं. मोठं इंग्रजी अक्षर, छोटं अक्षर, आकडा, चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदला, हा नियम जगभर पसरण्यात अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ च्या सुमाराच्या मार्गदर्शिकेचा मोठा वाटा होता. २०१७ साली त्याच संस्थेने ती भूमिका बदलली. गळती झाल्याचा पुरावा नसेल तर पासवर्ड उगाच बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी वाढवू द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डच्या यादीत तो आहे का ते तपासा, असं नवं मार्गदर्शन आलं. कारण माणसाच्या स्वभावात आहे. दर तीन महिन्यांनी बदलायला लावलं की माणूस शेवटच्या एकचा दोन करतो. मूळ मजकूर लिहिणारे बिल बर यांनीही आपण लिहिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल २०१७ मध्ये जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण कितीतरी ठिकाणी आजही जुनाच नियम चालू आहे. छापलेला सल्ला मागे घेणं किती अवघड असतं ते यावरून कळतं.

गेल्या काही काळात हे ओझं एकदम वाढलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना आहे, पण ती नोंदणी केल्यावरच लागू होते. म्हणजे आमच्या जुन्या अंकांमधली विंडोज १० वरची प्रत्येक टीप आता पुन्हा वाचायला हवी. ही टीप अजून करावी का, की ती वाचून माणूस असुरक्षित मशीनवर आणखी वर्षभर निवांत बसून राहील? प्रत्येक टिपेला हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर द्यायला मशीनसमोर बसायचं. हे काम रात्री जेवणानंतर, नोकरी, घर, आजारपणं सांभाळून करायचं असतं. कुणीच त्याचे पैसे घेत नाही आणि कुणाला त्याची खंतही नाही. पण दिवसाचे तास तेवढेच राहतात.

आणि मग वाचकांची पत्रं. मला ती मनापासून आवडतात, हे आधी सांगते. मात्र त्यांचं स्वरूप बदललंय. पूर्वी विचारायचे, प्रिंटर का चालत नाही. आता लॅपटॉप सुरू केला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ (डिस्क उघडणारी किल्ली) मागितली जाते, आणि समोरच्याला आपली डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालीय हेच माहीत नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ती रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. चोरीच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट आहे. पण बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलला, की मशीन ती की मागू शकतं. ज्याने खातं उघडून दिलं तो पुतण्या दूर असतो, खात्याचा ईमेल कुणाला आठवत नसतो, आणि आत घरातल्या गेलेल्या माणसाचे फोटो असतात. अशा पत्राला काय उत्तर देणार? रिकव्हरी की नसेल तर आत जायचा मार्ग नाही, हेच खरं उत्तर आहे. ते लिहून पाठवल्यावर झोप लागत नाही. आमच्यातल्या एकीने तर असं उत्तर पाठवल्यानंतर आठवडाभर अंकाची फाईल उघडली नाही. (तुमची रिकव्हरी की तुमच्या खात्यात आहे का ते आजच पाहा, आणि कागदावर लिहून घरात ठेवा. हे वाचणं थांबवून केलंत तरी चालेल.)

बरेच जण म्हणतात, पैसे घ्या, म्हणजे हे परवडेल. मी यावर खूप विचार केलाय. पैसे घेतले की तो सेवेचा करार होतो, आणि रात्री अकराला आलेल्या पत्राला सकाळी आठपर्यंत उत्तर देणं भाग पडतं. दमलेल्या माणसांना पगार दिल्याने त्यांचा शीण जात नाही. जाहिराती घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा पाहावं की अशा अंकाकडे जाहिराती कुणाच्या येतात. ड्रायव्हर अपडेट करून देणारे, एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर वेगवान करणारे, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे. जे बसवू नका म्हणून आम्ही घसा कोरडा केला तेच आमच्याच पानावर विकायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

दुसरा आग्रह असतो की आता चॅटजीपीटी वगैरे आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या, तुमचा वेळ वाचेल. मी ही साधनं वापरते, त्यांची मदत होतेही. पण ती पूर्ण आत्मविश्वासाने असा मेनू सांगतात जो त्या आवृत्तीत नसतोच. मजकूर तयार करायला आम्हाला वेळ लागतच नव्हता. तो खरा आहे का हे मशीनवर करून बघायला लागतो, आणि ते काम माणसाकडेच राहतं. उलट असा न तपासलेला मजकूर आता इतका वाढलाय की तपासून लिहिलेल्या एका पानाची किंमत मला पूर्वीपेक्षा जास्त वाटते. म्हणूनच न तपासता अंक काढायचा नाही, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. आणि सध्या आमच्याने पूर्ण तपासणी होत नाही. थांबण्याचं कारण एवढंच आहे.

फुकट काम करणारी माणसं थांबू शकत नाहीत, किंवा थांबायला लाजतात, तेव्हा काय होतं याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या असंख्य मशीनवर ते असतं. लासे कोलिन हा एकटा माणूस ते वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये काम हळू चाललंय म्हणून त्याच्यामागे तगादा लागला, तेव्हा त्याने उघडपणे लिहिलं की दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपली क्षमता मर्यादित आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. तरी तगादा सुरूच राहिला. जिया तान या नावाने एक मदतनीस पुढे आला, त्याने हळूहळू विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने छडा लावला आणि २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं. ती आवृत्ती सगळीकडे पोचण्याआधी हे सापडलं. बोलताना सगळे त्या अर्ध्या सेकंदाचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. माझं मन मात्र २०२२ च्या त्या पत्रव्यवहारापाशी अडकतं. एक माणूस सांगतोय की मला झेपत नाहीये, आणि समोरून उत्तर येतंय की लोकांना याहून जास्त हवंय.

याउलट पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णय देण्याच्या भूमिकेतून बाजूला झाले. वादग्रस्त प्रस्तावावर झालेल्या ओढाताणीने ते थकले होते आणि तसं त्यांनी लिहिलं. वारस नेमला नाही, तुम्हीच ठरवा म्हणाले. लोकांनी चर्चा केली, मतदान केलं, २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडलं, आणि भाषा पुढे चालत राहिली. आमचा अंक त्या मानाने फारच लहान. पण वेळेवर आणि मोकळेपणाने सांगितलं तर मागच्यांना जागा मिळते, हे लहान कामालाही लागू आहे.

तारखेबद्दल. अमुक महिन्यात परत येऊ असं लिहिलं की त्या दिवसापासून ती एक थकीत जबाबदारी होते आणि विश्रांतीतली विश्रांती निघून जाते. मला काही महिने असे हवेत की कुणाचा लॅपटॉप हळू चालतोय हे ऐकल्यावर माझं डोकं आपोआप टास्क मॅनेजर उघडणार नाही. मग पुन्हा ओढ वाटली तर आम्ही बसू, बोलू आणि इथेच कळवू.

आता कामाच्या गोष्टी. जुने अंक वाचायला मिळतील. पण प्रत्येक टिपेशेजारी ती शेवटची कधी तपासली ते लिहिलेलं असेल, आणि ज्यांच्यामुळे आज नुकसान होऊ शकतं त्या आम्ही काढून टाकतोय. अंकाचा ईमेल पत्ता आणि नाव आम्ही सोडणार नाही, त्यांचं नूतनीकरण होत राहील. ओसाड सोडलेला पत्ता दुसऱ्या कुणी घेतला तर आमच्या नावाने येणाऱ्या पत्रावर तुम्ही विश्वास ठेवाल, ही भीती खरी आहे. तुमच्या ईमेल पत्त्यांची यादी कुणालाही दिली जाणार नाही, विकत तर नाहीच. या काळात आमच्याकडून कुठलीही लिंक, कुठलंही सॉफ्टवेअर, कुठलीही वर्गणीची मागणी येणार नाही. आली तर ती आमची नाही असं समजा.

आणि ज्या दोघातिघांनी विचारलं की आम्ही अंक पुढे चालवू का, त्यांना सांगते, मला फार आनंद झाला. हेच नाव मात्र देता येणार नाही, कारण वाचक त्या नावावर आमच्या तपासणीच्या भरवशावर विसंबतात. तुमच्या नावाने काढा. विषयांची वही, मांडणीचे साचे, तपासणीची यादी, सगळं मागा, मिळेल. आमचा जुना मजकूरही बिनदिक्कत घ्या. फक्त प्रत्येक टीप आधी तुमच्या मशीनवर करून बघा, ती उलटवूनही बघा, आणि तिच्याखाली तुमची तारीख घाला.