गिटार ऐकू नका, वाचा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालात? मग दुकानात शिरल्या शिरल्या ती अॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) जोडून वाजवत बसण्याचा बावळटपणा करू नका. जाणकार माणूस आधी हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, उलटसुलट करून वाचतो. ‘मेड इन यूएसए’ सापडलं की डोळे मिटावेत आणि ‘काय टोन (म्हणजे आवाजाचा पोत) आहे!’ म्हणावं. त्यासाठी तार छेडायची गरज नसते. ‘मेड इन मेक्सिको’ निघालं तर ‘शिकाऊ मुलांना ठीक आहे’ म्हणून गिटार जागेवर ठेवावी.

फेंडर या नामांकित अमेरिकन गिटार कंपनीचा एक कारखाना कॅलिफोर्नियात कोरोना गावी आणि दुसरा, 1987 पासून, मेक्सिकोत एन्सेनाडाला. मोटारीने फार तर अर्ध्या दिवसाची वाट. पण मध्ये सीमा लागते, आणि बहुधा तिथेच टोन जप्त होत असावा.

माणसांच्या नावांनी मात्र गोंधळू नका. फेंडरच्या जुन्या फुलर्टन कारखान्यात 1956 मध्ये कामाला लागलेल्या, पिकअपची (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाची) तार गुंडाळणाऱ्या बाईंचं नाव अॅबिगेल इबारा. नेक (गिटारची मान) घडवणाऱ्यांत एक टाडेओ गोमेझ. त्यांची आद्याक्षरं नेकच्या टोकावर दिसली की संग्राहकांचा आवाज कातर होतो. ही झाली अमेरिकन कारागिरी. याच मेक्सिकन वळणाची आडनावं एन्सेनाडात कामाला लागली की तिला स्वस्त मजुरी म्हणायचं असतं.

लाकडाचा विषय निघाला तर सावध राहा. अस्सल अमेरिकन गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटांखालची पट्टी, पुष्कळदा आपल्याकडच्या शिसवीचा असतो. 2011 साली तर भारतातून आलेल्या लाकडावरूनच गिब्सन या दुसऱ्या बड्या अमेरिकन गिटार कंपनीच्या टेनेसीतल्या कारखान्यांवर सरकारी धाड पडली होती. हे कुणी काढलंच तर लगेच लॅकरकडे, म्हणजे लाकडावरच्या रोगणाकडे, वळा. लॅकरवर तासभर बोलता येतं आणि समोरच्याला काहीच तपासता येत नाही.

पोपडे उडालेली मेक्सिकन गिटार दिसली तर भाव पाडून मागा. फेंडरच्याच कस्टम शॉपने (महागड्या खास गिटारी बनवणाऱ्या विभागाने) पोपडे मुद्दाम उडवून दिले असतील तर त्याला ‘रेलिक’ म्हणतात आणि त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे असतात. (हा धंदा 1995 पासून बिनबोभाट चालू आहे. सुचला त्याला दंडवत.)

जपानचं अजून अवघड. तिथली 1982 ची स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ही त्या वेळी स्वस्तातली गिटार. आज तिच्या ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या अनुक्रमांकासाठी लोक शोधत फिरतात. म्हणजे परदेशी माल वाईटच, पण चाळीस वर्षं मुरला की तो चांगला होतो, एवढं धरून चाला.

शेवटी तुलना करायचीच झाली तर अशी करा. अमेरिकन गिटारला नव्या तारा, निगुतीने केलेला सेटअप. परदेशी गिटार खोक्यातून निघेल तशीच, गंजक्या तारांसकट. फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार खरखरली की अर्थपूर्ण मान हलवा. कुणी ट्रस रॉड (मानेचा बाक ठीक करणारी आतली सळई) फिरवून ती खरखर घालवायला अॅलन की, म्हणजे त्याची किल्ली, घेऊन पुढे आला, तर आधी ती त्याच्या हातातून काढून घ्या.