हिरव्या बिल्डिंगच्या मागचं पत्र्याचं शेड

मे महिन्यातली जळगावची दुपार ज्याने सोसलीय, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पारा ४५ च्या पुढे. एका ऑफिस बिल्डिंगचं काम चालू होतं, ग्रीन रेटिंगसाठी, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीला गुण देऊन मिळणाऱ्या दर्जासाठी नोंदवलेलं. गुणांची फाइल माझ्याकडे होती. राखेच्या विटा, दुहेरी काचा, गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा, सगळ्याची बिलं आणि फोटो मी स्वतः लावले.

त्याच बिल्डिंगच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. आठ बाय दहा, खिडकी नाही. पारोळ्याकडची एक बाई लेकराला साडीच्या झोळीत निजवायची, झोळीवर ओलं फडकं टाकायची आणि पाट्या उचलायला यायची. फडकं वाळलं की भिजवायला पळायची. मुकादम ओरडायचा. मला म्हणाली, "भाऊ, दुपारले आठे भट्टी व्हई जास." म्हणजे दुपारी इथे भट्टी होऊन जाते. बिल्डिंगच्या आत किती अंश राहतील याचा हिशोब फाइलमध्ये होता. तिच्या खोलीचा नव्हता, आणि मलाही तो कधी सुचला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

ग्रीन रेटिंगच्या मानकांना हे अगदीच माहीत नाही असं नाही. आपल्या देशातल्या 'गृहा' या रेटिंगमध्ये मजुरांची सुरक्षा, स्वच्छता, इमारतीतल्या सफाईवाल्या-वॉचमनसाठी सोयी यांना गुण आहेत. अमेरिकेतल्या 'लीड' या रेटिंगने २०१४ मध्ये सामाजिक समतेचे प्रायोगिक गुण आणले. पण वीज-पाण्याच्या गुणांपुढे हे गुण अगदी थोडे. माझं म्हणणं, हे गुणांत धरूच नका. ही पहिली अट ठेवा. ती पूर्ण नसेल तर बाकीची फाइल उघडायचीच नाही.

कायदा होता की, असं कुणी म्हणेल. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याचं पाणी, संडास, राहायची सोय सगळं लिहिलं होतं. पाळणाघर मात्र ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तरच होतं. आमच्याकडच्या साइटवर दहा-बारा बायका असतात. मग त्यांची लेकरं उन्हातच वाढायची का?

आजीचं घर धाब्याचं होतं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर खारी माती, भर उन्हात आत गार. आता गरिबाच्या वाट्याला पत्रे नाहीतर उघडा स्लॅब आलाय. थंडाव्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे, आणि रेटिंग मिळतं ते बहुतेक एसी बसवलेल्या इमारतींना. घरकुलाच्या स्लॅबला पांढरा चुना मारायला असा किती खर्च येतो?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगवर ३ ते ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे जागेच्या मानाने जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते. त्याचा गटारींवर, रस्त्यांवर, नळाच्या पाण्यावर पडणारा भार अख्खं गाव उचलतं, पत्र्याच्या खोलीतलेही. मग त्या अर्जासोबत मजुरांच्या खोल्यांचे, संडासांचे, लेकरांच्या पाळण्याचे फोटो मागायला काय हरकत आहे? इंजिनिअर, आर्किटेक्ट मित्रांनो, आपापल्या संघटनेच्या बैठकीत हे मांडा. जळगावात मी मांडतोय.