घोरतो हे भूलतज्ज्ञाला सांगायचं नाही म्हणे!

काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस राहिलेत. परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते मशीनचं तिथे बोलू नकोस हं." मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं. तीन वर्षं नाकावर मास्क चढवून झोपणारा माणूस असं का बोलतोय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. 'स्लीप ॲप्नियाचं नाव काढू नका, बिल फुगवतील', खाली चार मुद्दे आणि हात जोडलेले इमोजी. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडणं, काकांना तोच आहे.

पहिला मुद्दा: 'भूल म्हणजे गाढ झोपच, घोरणाऱ्याला उलट सोपी.' हे लिहिणाऱ्याला एक रात्र काकीच्या जागी झोपवा. मशीन यायच्या आधी काकी आवाजाने नाही, आवाज थांबला की जागी व्हायची. घसा मिटलेला, पोट वरखाली होतंय, हवा मात्र आत जात नाही. मग मेंदू दचकून उठवतो आणि गुरकावल्यासारखा श्वास येतो. भुलीच्या औषधांनी, मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो आणि उठवणारा मेंदूच गुंगीत जातो. टेबलावर निदान भूलतज्ज्ञ उशाशी असतो. खरी भीती वॉर्डातल्या रात्रीची. दुखतंय म्हणून इंजेक्शन दिलंय, पेशंट उताणा घोरतोय आणि आपण म्हणतोय, "बरं झालं, झोप लागली."

२०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. हृदयविकाराचा धोका असलेले १,२१८ रुग्ण, हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशनं, आणि ॲप्नियाचं निदान आधी कुणाचंच नाही. तपासणीत तीव्र ॲप्निया निघालेल्यांपैकी ३०.१ टक्के लोकांना महिन्याभरात हृदय-रक्तवाहिन्यांची गुंतागुंत झाली. ॲप्निया नसलेल्यांत १४.२ टक्के. सौम्य आणि मध्यम प्रकारात मात्र फरक ठाम ठरला नाही, हेही त्यातच आहे. पण काकांचा तीव्र आहे, आणि ते लपवायला निघालेत!

'मशीन घरी ठेवा, जंतू लागतात.' मास्क धुवा की! अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आधी वापरत असाल तर ऑपरेशननंतरही चालू ठेवा.

'आदल्या रात्री झोपेची गोळी घ्या.' स्वतःच्या मनाने? अजिबात नाही.

'पाठीत भूल घ्या, प्रश्नच मिटला.' अर्धं खरं. जमत असेल तिथे ती बरी, आणि गुडघ्याला बहुतेकदा जमते. पण सोबत गुंगीचं औषध देतात, तेव्हा घोरण्याचं सांगावंच लागतं.

राहिलं बिल. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. एखाद्या रात्री मॉनिटरची खाट लागू शकते, पैसे जातात. पण सरसकट सगळ्यांना आयसीयू लागत नाही, आणि बाकी तब्येत आटोक्यात असेल तर नुसत्या झोपेच्या तपासणीसाठी ऑपरेशन पुढे ढकलायचीही गरज नसते. आधी विचारा, भांडा, पण लपवू नका.

काकांची बॅग भरली. मशीन, मास्क, एक्स्टेंशन बोर्ड (खाटेपासून प्लग नेहमी लांबच असतो). बाबा हे सगळं बघून हसत होते. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. भूलतज्ज्ञ आठ प्रश्नांची एक यादी वापरतात, स्टॉप-बँग नावाची; पाच 'हो' आले तर धोका मोठा. काकीची शिवणाची टेप घेऊन बाबांचा गळा मोजला. ४० सेंटिमीटरच्या वर गेला की एक 'हो'. बाबांचा ४२ भरला. वय पन्नाशीपुढे, पुरुष, घोरतात, म्हणजे चार झाले. पाचवा आहे ब्लडप्रेशरचा, आणि गोळी कधीपासून चालू आहे ते आई सांगत होती.