ट्रामचे रूळ जपून!

'ॲमस्टरडॅममध्ये सायकल कुणीही निर्धास्त चालवावी' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. तिथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेकच नसतो, पॅडल उलटं मारावं लागतं. मी पार्ल्यात सायकल शिकलेली; पहिल्याच सिग्नलला रिकामी मूठ आवळली आणि सायकल तशीच पुढे! ट्रामचे रूळही आडवे, काटकोनातच ओलांडायचे. तिरकं गेलात की चाक फटीत अडकलंच. आमच्या ह्यांचं कोपर तिथेच सोलवटलं.

आधी तासभर व्होंडेलपार्कात हात बसवा. मग सेंट्रल स्टेशनच्या मागून सायकलसकट फेरीबोटीत चढा, तिकीट लागत नाही. मुंबईत मार्वेहून मनोरीला बोटीतून सायकल घेऊन जाणाऱ्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल. आमची रविवारची अख्खी दुपार पलीकडच्या काठावर गेली, आणि लेखात त्याबद्दल एक ओळही नाही!