आकडे सगळे देतात, व्होल्टेज कोणीच देत नाही

घरी व्हॅक्यूम ट्यूबचा गिटार अँप्लिफायर बांधायला घ्या आणि प्रीअँपच्या, म्हणजे गिटारचा दुबळा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, पहिल्या स्टेजबद्दल कोणालाही विचारा, उत्तर पाठ केलेले असते: १२एएक्स७ ही ट्यूब लावा, प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला १.५ किलोओहमचा, त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, झाले काम. (प्लेट, कॅथोड आणि ग्रिड ही ट्यूबची टोके: सिग्नल ग्रिडवर येतो, वाढून प्लेटवरून निघतो, आणि कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात.) हेच आकडे का, असे विचारले की ‘सगळे हेच लावतात’ असे सांगून समोरचा मोकळा होतो. या उत्तराने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे आकडे अधांतरी लटकत नसतात. पुरवठा ३०० व्होल्टचा असेल आणि ट्यूबमधून साधारण १ मिलिअँपिअर वाहत असेल, तर १०० किलोओहमवर १०० व्होल्ट पडून प्लेटवर २०० उरतात आणि कॅथोड १.५ व्होल्टवर बसतो. हेच रेझिस्टर २०० व्होल्टच्या पुरवठ्यावर लावले की सगळे गणित बदलते. तरीही जॅक आणि स्विचपर्यंत सगळे काही सुबक रेखाटलेल्या सर्किट डायग्रामवर एका बिंदूचेही व्होल्टेज लिहिण्याची तसदी कोणी घेत नाही. ट्यूबच्या डेटाशीटमधल्या (माहितीपत्रकातल्या) वक्रांवर लोड लाइन, म्हणजे पुरवठा आणि रेझिस्टर यांवरून ठरणारी व्होल्टेज-करंटची सरळ रेघ, ओढायला पट्टी आणि पेन्सिल पुरते, पण तसे सुचवले की लोक असे बघतात, जणू आपण संगीताचा अपमानच केला.

‘गेन (वर्धन) कमी वाटतो? आणखी एक स्टेज जोडा’ हा सल्ला तर कहरच आहे. पहिल्या स्टेजचे वर्धन साधारण ६० पट धरले, तर गिटारच्या तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपचा ०.१ व्होल्टचा सिग्नल ६ व्होल्ट होऊन बाहेर पडतो, आणि तो पुढच्या स्टेजच्या ज्या ग्रिडवर जाऊन आदळतो, तिथे साधारण १.५ व्होल्टच्या पुढे जागाच नसते; ग्रिडमधूनच करंट वाहू लागतो आणि सिग्नल कापला जातो. मध्ये सिग्नल किती खाली आणायचा, हाच खरा डिझाइनचा प्रश्न आहे, आणि नेमका तोच ‘चवीनुसार’ म्हणून सोडून दिला जातो.

कॅथोडच्या कपॅसिटरचीही तीच कथा. २५ मायक्रोफॅरड लावला की गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या ८२ हर्ट्झलाही पूर्ण गेन मिळतो. त्याऐवजी ०.६८ लावला, तर सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली गेन उतरू लागतो आणि आवाज आटोपशीर होतो. हे एका ओळीत सांगता येते. पण आपल्याला ऐकवले जाते ते कपॅसिटरच्या कंपनीचे आणि रंगाचे कौतुक.

या सगळ्यांचा शेवटचा हुकमी एक्का म्हणजे ‘कानांवर विश्वास ठेवा’. ठेवतो की! पण कानांनी ऐकायचे म्हणजे दर वेळी अँप बंद करायचा, फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेला जीवघेणा चार्ज रेझिस्टरमधून उतरवायचा, तो खरोखर उतरला का हे मीटरने पाहायचे, मग जुना भाग काढून नवा सोल्डर करायचा आणि ट्यूब तापेपर्यंत थांबायचे. तोवर आधीचा आवाज कसा होता, हे नेमके आठवते कोणाला? आणि एवढे करून आवाज फाटकाच आला, तर हेच महाभाग शांतपणे विचारतात, ‘प्लेटवर व्होल्टेज किती येते?’