उंदीर नव्हे, उंदराच्या पेशी

'उंदरांवर प्रयोग करून माणसाची जनुकं कोणत्या गुणसूत्रावर आहेत ते शोधलं' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मूळ पद्धतीत जिवंत उंदीर नव्हताच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशी माणसाच्या पेशींशी जोडून संकरित पेशी तयार केल्या होत्या. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तर लेखात आलेलाच नाही. अशा पेशी विभागत जातात तशी त्यांच्यातली माणसाची गुणसूत्रं गळत जातात, उंदराची मात्र बहुतेक टिकतात! १९६७ मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या, थायमिडीन कायनेज हे विकर (एन्झाइम) नसलेल्या पेशी घेऊन त्या माणसाच्या पेशींशी जोडल्या. पेशी वाढवायच्या 'हॅट' नावाच्या माध्यमात या विकराशिवाय पेशी मरते. म्हणजे जी संकरित पेशी जगली, तिने हे विकर बनवणारं माणसाचं जनुक धरून ठेवलंय. मग जगलेल्या सगळ्यांत माणसाचं कोणतं गुणसूत्र उरलंय तेवढं पाहायचं. पुढे ते १७ वं ठरलं.

एम.एस्सी.ला असताना आमच्या बाईंनी अशाच एका पेशीचा फोटो कात्रीने कापून गुणसूत्रं जुळवायला दिली होती. उंदराच्या गुणसूत्रांचा सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राची आवळलेली कंबर, अगदी टोकाला, त्यामुळे ती चिमट्यासारखी दिसतात. त्या गर्दीत मधोमध कंबर असलेलं एक दिसलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, "बाई, हे माणसाचं!" लेखात या गळतीवर दोन ओळी तरी हव्या होत्या. तिच्याशिवाय उंदराच्याच पेशी का घेतल्या, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.